प्रवासपत्र : लंडनांतील पहिला दिवस

निघण्याच्या तयारीविषयीं मागील पत्रांत लिहिलेंच आहे. साठाव्या वर्षीं घरची सून एकटीच विलायतेस निघाली, याचें आमच्या साताऱ्याच्या घरांत जितकें कौतुक झालें तितकीच कुरकूरही झाली. धाकटे चिरंजीव दोन दिवसांनीं लंडनांत भेटावयाचे होते; परंतु ते दोन दिवस मला माझे म्हणून हवे होते, आणि सासूबाईंचा व माझा वाद झाला तो नेमका त्यांवरूनच. “खाशील काय तिथं?” हा त्यांचा एकच प्रश्न, आणि त्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

माहेराहून, सांगलीहून, भडंग आलें. घरचें मेतकूट पुडींत बांधलें. कंदी पेढे मात्र मीं मुद्दाम घेतले नव्हते, कारण आपल्याकडील दुधाचे पदार्थ प्रवाशानें ब्रिटनमध्यें आणूं नयेत असा तेथील नियम आहे. हीथ्रोवर सामान हातीं आल्यावर शाल काढावी म्हणून बॅग उघडली, तों शालीच्या घडींत पेढ्यांचा पुडा! कोणीं ठेवला हें विचारावयास नको. हिरव्या पाटीच्या वाटेनें सरळ बाहेर पडतां आलें असतें. मला कोणीं अडविलेंही नव्हतें. क्षणभर वाटलें, आईच्या वयाच्या बाईनें चोरून दिलेला खाऊ परक्याच्या हातीं कसा द्यावा? मग लाल पाटीकडे गेलें. अधिकारी तरुण व सौजन्यशील होता. पेढे म्हणजे काय तें त्यानें विचारून घेतलें, आपण होऊन दाखविल्याबद्दल आभार मानले, आणि पुडा ठेवून घेतला. भडंग व मेतकूट यांस त्याची हरकत नव्हती. दंड झाला नाहीं; पण पाय जड झाले ते झालेच.

रसेल स्क्वेअरजवळ उतरण्याची सोय होती. तेथें सामान टाकलें आणि भुयारी रेल्वेनें होबर्न, तेथें गाडी बदलून बँक. एप्रिलांतलें ऊन होतें, पण त्यांत ऊब नव्हती.

सातारकरणीस लंडनांत प्रथम कोठें जावेंसें वाटावें? मला लेडनहॉल स्ट्रीट पाहावयाची होती. १८३९ त छत्रपति प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविल्यावर त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते या शहरीं आले, आणि कंपनीच्या ज्या कचेरीशीं ते सुमारें चौदा वर्षें झगडले ती याच रस्त्यावर होती. १८४७ त महाराज काशीस वारले. १८४८ त साताऱ्यास आप्पासाहेब महाराज वारले व राज्य खालसा करण्यांत आलें. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत येथेंच. ती कचेरी पाडून आतां दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. त्या जागीं लॉईड्स या विमेवाल्यांची १९८६ सालची इमारत उभी आहे. नळ, जिने, लिफ्ट सर्व कांहीं अंगाबाहेर, जणूं सदरा उलटा घातला आहे! त्यांचें राजकारण पुष्कळांनीं लिहिलें आहे. माझ्या मनांत मात्र चुलीचाच प्रश्न आला. चौदा वर्षें हा गृहस्थ काय जेवला असेल?

शेजारींच १८८१ सालचें लेडनहॉल मार्केट आहे. छत लोखंड-कांचेचें, फार देखणें. पण दुकानांवर मांस टांगण्याचे जुने आंकडे अजून आहेत. त्या आंकड्यांखालीं उभी असतांना मला भूक लागली, हें कबूल करावयास हवें.

१८८८ त गांधीजी विद्यार्थी म्हणून आले तेव्हां शाकाहारी खाणावळ सांपडेपर्यंत अर्धपोटीं हिंडले. आज तसें नाहीं. बहुतेक ठिकाणीं पदार्थापुढें शाकाहाराची खूण असते. तरी सावध राहावें. पुष्कळ जातींच्या चीजमध्यें वासराच्या जठरांतील विरजण असतें, वूस्टर सॉसमध्यें मासळी असते, आणि कांहीं दुकानांत बटाट्याचे काप गाईच्या चरबींत तळतात. न. चिं. केळकर, ज्यांनीं प्रथम साताऱ्यास वकिली केली, त्यांच्या पुढाकारानें १९३२ त येथें महाराष्ट्र मंडळ निघालें, तें आजही आहे. परंतु पहिल्याच दिवशीं आमटीभाताकडे धावणें म्हणजे सासूबाईंचें म्हणणें खरें करणें होय!

एका लहानशा उपाहारगृहांत भाजलेला बटाटा मागविला. चांगला नारळाएवढा, सालीसकट चिरलेला, आंत लोणी, वर टोमॅटोच्या रसांतील गोडसर घेवड्याचे दाणे. चीज नको म्हटलें. नळाचें पाणी मागितलें तें फुकट मिळालें. नुसतें पाणी म्हटल्यास विकतची बाटली येते. गोडसरपणा मला सोसवेना, तेव्हां पुडी सोडून लोण्यावर मेतकूट भुरभुरलें. शेजारच्या मेजावरील म्हातारबोवा टक लावून पाहूं लागले, त्यांसही चिमूटभर दिलें. साल सुद्धां शिल्लक ठेवली नाहीं.

एक वाजला होता, म्हणजे साताऱ्यास साडेपांच. फोन लावला.

“पेढा खाल्लास का गं?”

“नाही हो आई. तिथं द्यावे लागले. मीच दाखवले.”

बराच वेळ कांहीं ऐकूं येईना.

“मग खाल्लास काय?”

“बटाटा. आपलं मेतकूट घालून.”

“मीठ होतं का त्याला?” त्यांनीं विचारलें.