खाचराच्या मापाचे यंत्र

ऑक्टोबर उजाडला की आमच्या वर्गांतील हजेरी रोडावते. कर्जत-खालापूर परिसरात अध्यापन करणाऱ्या आम्हांला त्याचे कारण विचारावे लागत नाही. भात पिकलेले असते आणि परतीचा पाऊस कधी गाठील याचा नेम नसतो. मागे एकदा ग्रामीण कवितेतील कापणीच्या प्रतिमेचे सौंदर्य आम्ही उलगडून दाखवीत होतो. तेव्हा बोटावरची विळ्याची जखम झाकीत एक विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, "सर, यंत्र आलं तर बरं होईल." आमचे व्याख्यान तेथेच थांबले.

तेव्हापासून विळ्याचे गोडवे गाण्याचा अधिकार आम्ही स्वतःपुरता सोडून दिला आहे. मात्र यंत्र हवे म्हटल्यावर 'कोणते?' हा प्रश्न उरतोच.

२०१४ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात न्यू हॉलंड कंपनीच्या एका कम्बाइन हार्वेस्टरने आठ तासांत ७९७ टन गहू काढला. त्याच कंपनीने २०२३ मध्ये सादर केलेले यंत्र ७७५ अश्वशक्तीचे असून त्याची धान्यटाकी २०,००० लिटरची आहे. अर्थात वजनही वाढले. केलर आणि ओर या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, १९५८ मध्ये सुमारे ४ टन असलेले भरल्या हार्वेस्टरचे वजन २०२० पर्यंत ३६ टनांवर गेले. त्यांनी तुलना केली ती सॉरोपॉड या महाकाय डायनासोरांशी! रुंद टायरांमुळे वरची माती सावरते, पण खालचा थर दबत जातो आणि तेथवर नांगर पोहोचत नाही.

आमच्याकडील खाचरांत असा अजस्र देह वळणारही नाही. त्यासाठी बांध मोडावे, असे कुणी सुचवील. पण उतारावरच्या जमिनीत बांध हा पाणी धरून ठेवणारा काठ आहे. तो गेला की भातही गेले. मग 'यंत्र शिरत नाही, म्हणून परवडत नाही. परवडत नाही, म्हणून विका' हे तर्कशास्त्र सुरू होते. त्याचा शेवट फार्महाउसच्या कुंपणाशी होतो, हे आम्ही रोज येता-जाता पाहतो.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'कर्जत-३', 'कर्जत-७' यांसारखे वाण दिले. ते देताना जमिनीने वाणाप्रमाणे बदलावे, अशी अट कुणी घातली नव्हती. हाच न्याय यंत्रालाही लागू व्हावा. हलके, रबरी पट्ट्यांवर चालणारे, गुराढोरांसाठी पेंढा शाबूत ठेवणारे आणि चार घरांनी मिळून घेता येईल असे यंत्र आम्हांला हवे आहे. त्या मुलीने यंत्र मागितले होते. खाचर मोडून द्या, असे ती म्हणाली नव्हती.