बोनेट उघडा, पाकीट नको

बोनेटखाली लाल कापडाचा एक शंकू बसवला की गाडी उडायला लागते, असा समज आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांमध्ये पक्का झाला आहे. कंपनीची काळी प्लास्टिकची पेटी काढायची, तिच्या जागी चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला उघडा शंकू लावायचा. याला ते 'इनटेक' म्हणतात. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, दहाचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, रविवारी दुपारी घरासमोरच काम उरकायचं. मग रेस दिली की बोनेटखालून घुमणारा आवाज येतो आणि भोवती जमलेले दोस्त म्हणतात, "भाई, पिकअप बढ गया!"

पिकअप वाढलेला नसतो. आवाज वाढलेला असतो. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरांना इंजिनातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. मास्तरांना वाचता येतं आणि गुणाकार येतो. या वादाला तेवढं पुरतं.

१.२ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन घ्या, आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या गाड्या साधारण याच मापाच्या. चार स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढली जाते. म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्या, पूर्ण दाबलेला पाय, अशा टोकाच्या अवस्थेत ते मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० लिटर हवा ओढेल. कंपनीनं पेटी आणि कागदी फिल्टर या टोकाच्या गरजेचाच हिशेब करून बसवलेले असतात. आता सांगा, बाजारातून, शाळेसमोरून, रिक्षांच्या गर्दीतून जाताना तुमच्या गाडीच्या किती फेऱ्या असतात? दीड-दोन हजार. आणि पायही अर्धामुर्धाच दाबलेला. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरच्या पेडलनं हवेच्या वाटेवरची एक झडप उघडते-मिटते. पाय कमी दाबला म्हणजे आपणच हवेचा गळा आवळून धरलेला असतो. दार अर्धं बंद असताना अंगणाचं फाटक कितीही रुंद केलं तरी घरात माणसं दाराइतकीच शिरणार. शहरातल्या रोजच्या चालवण्यात हवा अडते ती झडपेपाशी. फिल्टर बिचारा नाहक बदनाम.

'ॲव्हरेज वाढतो' हा दावा तर याहून पोकळ. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरनिशी गाड्या चालवून पाहिल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंधनाच्या खर्चात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो जोरात वेग घेण्यात. कारण साधं आहे. संगणक येणारी हवा मोजतो आणि त्या मापानं पेट्रोल सोडतो, साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनानं. हवा कमी तर पेट्रोलही कमी. घाणीनं चोंदलेल्या फिल्टरनं जिथं ॲव्हरेज पडत नाही, तिथं स्वच्छ फिल्टर काढून शंकू लावल्यानं तो वाढेल कसा? हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा. तो विषय बदलून रंग कोणता हवा ते विचारेल.

शंकू उघडा असतो, ही यातली खरी गोम. कंपनीच्या पेटीला पुढच्या जाळीकडून बाहेरची थंड हवा आणणारं नळकांडं असतं. शंकू मात्र इंजिनाच्या कुशीत बसून तापलेली हवा ओढतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या मराठवाड्यात बाहेरच ४० अंश असतात, बोनेटखाली गर्दीत उभ्या गाडीत त्याहून वीसेक अंश चढायला वेळ लागत नाही. हवा ४० ची ६० झाली की सुमारे सहा टक्के विरळ होते. म्हणजे पैसे मोजून तुम्ही इंजिनाला आधीपेक्षा पातळ हवा पाजता. आणि याला नाव काय, तर 'परफॉर्मन्स'!

हे ओळखणारे हुशार विक्रेते दुसरा प्रकार देतात. लांब पाइप, शंकू खाली बंपरमागे, फॉग लॅम्पच्या आसपास. तिथं हवा थंड मिळते हे खरं. पण तिथं पावसाळ्यात पाणीही असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस मुंबई, कुर्ला, मुंब्रा, भिवंडीकडच्या वाचकांना सांगायला नको. पण तेवढा प्रलय लागतच नाही. रेल्वेखालच्या पुलातलं फूट-दीड फूट पाणी या शंकूला पुरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की वर येणारा पिस्टन भिंतीवर आदळल्यासारखा अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन खोलावं लागतं. कंपनी हवेचं तोंड उंचावर ठेवते ते याचसाठी. त्यातून साध्या विमा पॉलिसीत पाण्यानं खराब झालेलं इंजिन बहुधा येत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. ते असलं तरी विमा कंपनीला न कळवता केलेला बदल त्यांच्या हाती आयतं कारण देतो. अब्बांनी हप्त्यावर घेतलेल्या गाडीवर हा जुगार खेळायचा कशासाठी? एका आवाजासाठी.

आणि बसवण्याचं काम व्हिडिओत दिसतं तितकं सोपं नसतं. पेटीच्या पाइपवर किंवा पेटीतच बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यात केसाएवढी तापलेली तार असते. तो उलटा बसला तर माप चुकतं. तेल लावलेल्या कापडी शंकूवर तेल जास्त झालं की ते उडून त्या तारेवर बसतं, तरीही माप चुकतं. सेन्सरच्या पुढचा क्लॅम्प सैल राहिला की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी ०१७१ सारखा कोड. इंजिनाच्या झाकणावरून येणारी ब्रीदरची बारकी नळी तर पोरं सर्रास मोकळी सोडतात, किटमध्ये तिच्यासाठी तोंडच नसतं म्हणून. पाइपवरचं भोक उघडं राहिलं तर तिथून फिल्टर न झालेली धूळ थेट आत जाते. आपल्याकडची धूळ म्हणजे वाळूच. पिस्टनच्या रिंगांना तो पॉलिश पेपर. दोन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागते, आणि तेव्हा शंकूची आठवण कुणाला राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाबाहेरचा बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. एअर फिल्टर त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. पण रात्री अकराला नाक्यावर थांबवलेला, दाढी फुटू लागलेला आपला पोरगा तो वाद किती घालू शकेल, हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीचा आवाजच त्याला थांबवायचं निमित्त देतो.

तर मग कुणालाच हे करू नये का? रेसच्या गाड्यांचं, टर्बो इंजिनाचा संगणक नव्यानं ट्यून करणाऱ्यांचं, सायलेन्सरपासून सगळं बदलणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं जास्तीची हवा खरोखर लागते. घरच्या साध्या गाडीला ती लागत नाही.

इथवर वाचून काही वडीलधारे खूश झाले असतील. "बघा, सरांनीही सांगितलं, बोनेटला हात लावायचा नाही!" थांबा. तुमच्याशी माझं भांडण जास्त मोठं आहे.

पोरानं शंकू विकत घेतला ही फिजूलखर्ची. पण त्यानं स्वतःच्या हातानं पेटी खोलली, क्लॅम्प सैल केला, सेन्सरचा प्लग न तोडता काढला, ही त्या दिवसाची एकमेव चांगली गोष्ट होती आणि तुम्ही नेमकं त्यासाठीच त्याला झापता. "यही करना है तो गॅरेज में बैठ जा." हे वाक्य मी पालक सभेत ऐकतो, शिक्षकांच्या खोलीतही ऐकतो. 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्याला शिवी म्हणून फेकला जातो, त्याचा आपल्याला राग येतो, यायलाच हवा. मग घरात पोराच्या काळ्या हातांकडे बघून आपण जे बोलतो ते काय असतं? तीच शिवी, फक्त आपल्या आवाजात.

स्नेहसंमेलनात आपण मोठ्या अभिमानानं अल-जझरीचं नाव घेतो. कुणीतरी तक्ता लावतं, टाळ्या पडतात. त्या माणसानं १२०६ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात काय आहे? पाण्याची घड्याळं, पाणी उपसणारी यंत्रं, दोन सिलिंडरचा पंप, ज्यात दांडा पुढेमागे होतो आणि नळीतून पाणी ओढलं जातं. तो दरबारातला कारागीर होता, स्वतः बनवून पाहिलेलं लिहीत होता. त्याचे हात स्वच्छ असतील असं तुम्हाला वाटतं? आज तो आपल्या शाळेत असता तर शर्टावरच्या डागांसाठी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगतं की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं. यादीत मेकॅनिक नाही, पण शेवटी 'इत्यादी' आहे. त्या 'इत्यादी'त आपल्या मोहल्ल्याचे उस्ताद बसवायला कुणी अडवलेलं नाही. आवाज ऐकून टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेलंय हे सांगणारी माणसं आपल्यात आहेत, त्यांच्याकडे कागद नाही एवढंच. त्यांना शाळेत बोलवायला आपल्याला लाज वाटते.

शंकूऐवजी काय करायचं, ते पोरांसाठी लिहितो. येत्या रविवारी तीच काळी पेटी उघडा. बहुतेक गाड्यांत चार क्लिपा किंवा स्क्रू असतात, पाच मिनिटांचं काम. फिल्टर काढून उन्हात धरा. आतली पालापाचोळ्याची, कधी उंदरानं केलेली घाण पुसा. रबरी कड चिरली आहे का, पाइपाचे क्लॅम्प घट्ट आहेत का, ब्रीदरची नळी तडकली आहे का, बघा. फिल्टर काळा पडला असेल तर नवा कागदी घाला, आपल्या धुळीत मॅन्युअलमधल्या अंतराच्या आधीच घाला. खर्च शंकूच्या तुलनेत किरकोळ. जवळ एखादा उस्ताद असेल तर सेन्सर कुठला, झडप कुठली, हे त्यांच्याकडून बोट ठेवून समजून घ्या आणि वहीत चित्र काढा. मराठीत लिहा किंवा उर्दूत, शुद्धलेखन मी तपासून देईन.

ज्यांनी किट आधीच बसवलं आहे त्यांनी एवढं करावं: कंपनीची पेटी भंगारात दिली नसेल तर तिचे बोल्ट, रबरी बुश आणि नळकांडं एका पिशवीत जमा करून माळ्यावर ठेवलेली शोधा, आणि पहिल्या पावसाच्या आत परत बसवा.