आधी निदान, मग अवजार

शासकीय कचेरीतील कामाला गती देण्याचा संकल्प सुटला की पहिला विचार होतो तो खरेदीचा. नवे संगणक येतात, नवी प्रणाली येते, दोन दिवसांचे प्रशिक्षणही उरकते. काही महिन्यांनी पाहावे, तर कागद तेवढा संगणकात गेलेला असतो. अर्जदार मात्र त्याच बाकावर बसलेला असतो. दोष अवजाराचा नसतो. रोग ठरण्यापूर्वीच औषध विकत घेतलेले असते.

कार्यपद्धती सुधारण्याच्या शास्त्राचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 साली मांडलेला नियंत्रण आलेख एका पानावर मावणारा होता आणि तो एकाच प्रश्नाचे उत्तर देत असे : कामातील चढउतार पद्धतीतच मुरलेला आहे, की काही विशेष कारणाने उद्भवलेला? जपानमध्ये काओरू इशिकावा यांनी जी सात साधने कामगारांच्या हाती दिली, तीही कागद-पेन्सिलीची होती. दोष किती व कोठे, हे तपासणी तक्ता सांगतो. त्यांतील मोजके भारी दोष कोणते, हे परेटो आलेख दाखवितो. ते का घडतात, याचा शोध माशाच्या काट्यासारखी आकृती घेते. साधन प्रश्नातून निवडावयाचे असते, हाच या परंपरेचा गाभा होय.

जमिनीच्या फेरफाराचेच उदाहरण घ्यावे. नोंद तलाठ्याने घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावयाचे आणि मग मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावयाची. हे पंधरा दिवस कायद्याचे आहेत. ते कोणत्याही यंत्राने कमी होणार नाहीत. उरलेला विलंब नोटीस न बजावल्यामुळे होतो, अपुऱ्या कागदपत्रांमुळे होतो, की हरकतीच्या सुनावणीत होतो? एका साध्या तक्त्यावर महिनाभर खुणा केल्या तरी हे उमगेल. नोटीस बजावण्यात खोळंबा असेल, तर वेगवान संगणक घेऊन काय साधणार?

महाराष्ट्राला हे शहाणपण परके नाही. 1980च्या दशकात अनिलकुमार लखीना यांनी तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अभिलेख, बैठकव्यवस्था आणि कामाची वाटणी यांची नवी घडी बसविली. तो प्रयोग लखीना पॅटर्न म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्या कार्यालयांतील सहा गठ्ठा पद्धतही अशीच. प्रलंबित प्रकरण वेगळे, प्रतीक्षाधीन वेगळे, अभिलेख कक्षात धाडावयाचे वेगळे, नष्ट करावयाचे वेगळे. या पद्धतीला दोरी आणि शिस्त यांखेरीज काहीही लागत नाही. पण कोणते काम आपल्यामुळे अडले आणि कोणते दुसऱ्यामुळे, हे तीत लपत नाही.

याचा अर्थ संगणक निरुपयोगी असा मुळीच नव्हे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही लहान सोय नाही. परंतु तेथे अडचण तयार नोंदीची प्रत मिळविण्याची होती आणि संगणक हेच तिचे योग्य साधन होते. जेथे निर्णयच अडलेला असतो, तेथे प्रत वेगाने काढून निर्णय लवकर होत नाही.

मोजमाप हेही एक अवजारच. तेही पारखून घ्यावे लागते. 2015च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिली, हे योग्यच झाले. मात्र केवळ मुदत पाळल्याचीच नोंद होऊ लागली, तर शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत करणे ही सर्वांत सोपी वाट ठरते. तक्ता स्वच्छ दिसतो, नागरिकाचा हेलपाटा मात्र वाढतो. म्हणून अर्जदाराला किती वेळा यावे लागले, हेही मोजलेच पाहिजे.

खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत कार्यालयप्रमुखाने एक पान जोडावे : काम कोठे अडते, किती काळ अडते आणि हे साधन नेमकी ती अडचण कशी दूर करील. ते पान टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाला विचारून लिहिलेले असावे, कारण खोळंबा त्याच्याच डोळ्यांसमोर घडत असतो. असे पान ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या प्रस्तावावर मंजुरीची सही होता कामा नये.