खोटं नाव, खरा माणूस

"नेटवरच्या माणसांवर विश्वास ठेवू नकोस रे, तिथे सगळे खोटे असतात." हे वाक्य आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने घरी दहा वेळा तरी ऐकलं असेल. गंमत म्हणजे हे सांगणारी मंडळीच त्याच आठवड्यात कुठल्या तरी स्थळाचा बायोडेटा हातात घेऊन "किती छान घर आहे" म्हणत असतात. कारण काय, तर मामींच्या ओळखीतले आहेत!

तर आजचा विषय हाच. नेटवरचा माणूस खोटा आणि समोरचा खरा, हे कुणी ठरवलं?

या समजाला जुना इतिहास आहे. १९९३ साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये पीटर स्टायनर यांचं एक व्यंगचित्र आलं होतं. कॉम्प्युटरसमोर बसलेला एक कुत्रा दुसऱ्याला सांगतोय की इंटरनेटवर आपण कुत्रे आहोत हे कुणाला कळत नाही. चित्र जगभर गाजलं आणि तेव्हापासून नेट म्हणजे मुखवट्यांची जत्रा हे डोक्यात पक्कं बसलं.

पण आकडे जरा वेगळं सांगतात. २००४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेफ्री हॅनकॉक आणि सहकाऱ्यांनी २८ विद्यार्थ्यांना आठवडाभर आपली संभाषणं आणि त्यातलं खोटं नोंदवायला लावलं. सगळ्यात जास्त खोटं निघालं फोनवर, शंभरातल्या साधारण ३७ संभाषणांत. समोरासमोर २७, चॅटवर २१ आणि ईमेलमध्ये फक्त १४! कारण अगदी साधं आहे. लिहिलेलं मागे राहतं. "मी असं म्हणालोच नव्हतो" हे समोरासमोर खपून जातं, ईमेलमध्ये नाही. आता कुणी म्हणेल २८ पोरांवरून काय सिद्ध होतं? मान्य. शिवाय तेव्हा डेटिंगची ॲप्स नव्हती. पण निदान "नेट म्हणजे खोटं" हे गृहीत धरता येत नाही, एवढं तरी मान्य करा.

डेटिंगवालेही बघू. २००८ साली याच हॅनकॉक यांनी कॅटलिना टोमा आणि निकोल एलिसन यांच्याबरोबर न्यूयॉर्कमधल्या ८० जणांची उंची आणि वजन मोजलं, वय लायसन्सवरून तपासलं, आणि ते त्यांच्या प्रोफाइलशी ताडून पाहिलं. दहातल्या आठांनी उंची, वजन किंवा वय यांतलं काहीतरी खोटं लिहिलं होतं. पुरुषांनी उंची वाढवलेली, बायकांनी वजन घटवलेलं. पण बहुतेकांची थाप होती अगदी किरकोळ, कारण कधीतरी प्रत्यक्ष भेटायचंच होतं ना! आपल्याकडे बायोडेटात पाच फूट पाचचा मुलगा पाच फूट सात होतो, तोच हा प्रकार. न्यूयॉर्क काय आणि सदाशिव पेठ काय, माणूस सारखाच.

आता खोट्या नावाबद्दल. खोटं नाव घेतलं की माणूस खोटा, हे मला अजिबात पटत नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात इतकं उघड लिहिलं होतं की मोठं वादळ उठलं, आणि ही बाई आहे तरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. आता सांगा, नाव खोटं म्हणून लिखाण खोटं होतं का? उलट नाव झाकलं म्हणूनच खरं बोलता आलं. आजही एखादी मुलगी नेटवर भलत्याच नावाने वावरते ती बहुतेक वेळा कुणाला फसवायला नाही, तर मागे लागणाऱ्यांपासून वाचायला.

आणि याच्या बरोबर उलटं बघा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं लग्न ठरवून झालं. मुलाचं नाव खरं, घर खरं, पत्रिका खरी, फोटोसुद्धा खरा. फक्त त्याची नोकरी चार महिन्यांपूर्वीच गेली होती, हे कुणी बोललं नाही. रोज सकाळी डबा घेऊन तो घराबाहेर पडायचा. तिला कळलं ते लग्नानंतर, आणि तोवर तिने त्याच्या शहरात यायचं म्हणून स्वतःची नोकरी सोडली होती! सगळी कागदपत्रं खरी असूनही ती फसलीच ना?

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी बरीच वर्षं एक छोटं कुलूप दिसायचं. लोकांना वाटायचं की कुलूप आहे म्हणजे साइट प्रामाणिक. पण ते सर्टिफिकेट साधारण इतकंच सांगतं, की तुम्ही ज्या पत्त्यावर गेलात तिथेच पोचलात आणि मधे कुणी वाचत नाहीये. तिथे बसलेला माणूस चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. फसवणाऱ्या साइटलाही ते मिळतं, आणि फुकटात! ओळख पटणं आणि माणूस प्रामाणिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच "सगळ्यांना ओळखपत्र सक्तीचं करा, फसवणूक थांबेल" हा उपाय मला अर्धवट वाटतो. चोर काही प्रमाणात कमी होतीलही, पण त्या नवऱ्याकडे ओळखपत्र होतंच की.

मग खोटं नक्की कुठे असतं? माझ्या मते समोरचा तुमच्या शब्दावर काय पणाला लावतोय, तिथे. आपला कायदाही तेच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण नुसतं टोपणनाव घेतलं म्हणून नाही, तर तोतयेगिरी करून फसवलं म्हणून.

अमेरिकेतला फुटबॉलपटू मांटाय टिओ आठवतो का? २०१२ मध्ये त्याची आजी आणि मैत्रीण थोड्या वेळाच्या अंतराने गेल्याची बातमी आली, सगळा देश हळहळला. जानेवारी २०१३ मध्ये उघड झालं की ती मैत्रीण कधी अस्तित्वातच नव्हती. फोन आणि मेसेजवरून कुणीतरी ते पात्र वठवत होतं. लोक टिओलाच हसले. मला ते फार वाईट वाटतं. ती मुलगी खोटी होती, पण तिच्यासाठी जागून काढलेल्या रात्री आणि ते रडणं खोटं नव्हतं. फसवणाऱ्याने चोरलं ते हे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हे कळलं तर समोरच्याचा निर्णय बदलेल का? गप्पा मारताना, कविता वाचताना, क्रिकेटवरून भांडताना तुमचं नाव काहीही असू दे, काय फरक पडतो! पण समोरचा तुमच्या भरवशावर पैसे देणार असेल, शहर बदलणार असेल, घरच्यांशी भांडणार असेल किंवा नुसतं जीव लावणार असेल, तर त्याच्या *आधी* खरं सांगायला हवं. नंतर सांगितलेल्या खऱ्याला काही किंमत नाही. आणि हा नियम नेटला जेवढा लागू, तेवढाच कांदेपोह्यांना. काकणभर जास्तच, कारण तिथे आपण बेसावध असतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरी कुणी "नेटवर सगळे खोटे" म्हणालं, तर वाद घालू नका. फक्त एवढंच विचारा, परवा आलेल्या त्या बायोडेटातलं तुम्ही नक्की काय काय तपासलंत?

असो. सोमवार आलाच आहे उंबरठ्यावर. पटलं तर घ्या, नाही पटलं तर भांडायला या.