पेलेट ग्रिलवर आधी कोंबडी, ब्रिस्केट नंतर

अमेरिकेत घरामागच्या अंगणात नवा पेलेट ग्रिल आला, की पहिल्याच सुटीच्या दिवशी त्यावर ब्रिस्केट चढवण्याचा मोह अनेकांना होतो. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा पाच-सहा किलोंचा चिवट तुकडा. टेक्ससच्या बार्बेक्यूची सारी प्रतिष्ठा त्याच्याभोवती उभी आहे. तो मऊ व्हायला दहा-बारा तास सहज लागतात आणि बिघडलाच, तर नेमके कुठे बिघडले हे नवख्याला उमगत नाही. म्हणून शिकण्याची सुरुवात कोंबडीच्या तंगड्यांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे.

हे यंत्र ओरेगॉन राज्यातले. माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात ते घडवले. लाकूड कापताना उरणारा भुसा प्रचंड दाबाखाली आला, की लाकडातलेच लिग्निन मऊ होऊन त्याला बांधून ठेवते आणि सुमारे सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या, म्हणजेच पेलेट, तयार होतात. टाकीतल्या या कांड्या विजेवर फिरणारा मळसूत्री दांडा थोड्याथोड्या पुढे ढकलतो, तापलेली सळई त्या पेटवते, पंखा वारा घालतो आणि आतले तापमान पाहून किती जळण टाकायचे ते नियंत्रक ठरवतो. चुलीपुढे बसून लाकूड मागेपुढे सरकवण्याचे, फुंकणीने जाळ जिवंत ठेवण्याचे काम असे यंत्राकडे गेले. पण ते सांभाळते पेटीतल्या हवेची उष्णता. मांसात खुपसायचा तापमापक काही यंत्रांबरोबर येतो खरा, तरी त्यावरच्या आकड्याचा अर्थ लावणे रांधणाऱ्याकडेच राहते. नवख्याने शिकायचे ते हेच.

कोंबडी ते तासाभरात शिकवते. अमेरिकी कृषी खाते कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान सांगते. तंगडी मात्र ८० अंशांच्या पुढे गेल्यावर अधिक मऊ लागते. पेटी १०७ अंशांवर, म्हणजे तिकडच्या २२५ फॅरनहाइटवर ठेवली तर कातडी रबरासारखी राहते, १८० अंशांच्या आसपास नेली तर चरबी वितळून ती कुरकुरीत होते. चुकले तर पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. ब्रिस्केटमध्ये ही सोय नाही. आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी येऊन तासन् तास अडते, कारण पृष्ठभागावरून उडणारे पाणी मांसाला थंड करत असते. ज्याला हे माहीत नाही, त्याला यंत्रच बिघडले असे वाटते. तो आच वाढवतो आणि मांस कोरडे पडते.

इतके महाग यंत्र घेऊन कोंबडीच भाजायची, तर घरातला ओव्हन काय वाईट, असे कोणी विचारील. ओव्हनमध्ये लाकडाचा धूर नसतो, हे एक उत्तर. दुसरे अधिक महत्त्वाचे : जाळीचा कोणता कोपरा जास्त तापतो, झाकण उघडल्यावर उष्णता भरून यायला किती वेळ लागतो, गार वाऱ्यात जळण किती वाढते, हे त्या विशिष्ट यंत्रावर रांधूनच कळते.

खरा आक्षेप जुन्या परंपरेच्या पाईकांचा आहे. मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक या लाकडाचे ओंडके जाळून रात्रभर भट्टी सांभाळणाऱ्यांना पेलेट ग्रिल ही पळवाट वाटते. आग सांभाळणे ही कला आहे आणि हे यंत्र ती शिकवत नाही, हे मान्यच करायला हवे. पण आग आणि मांस या दोन्ही विद्या एकाच दिवशी शिकायला बसलेला माणूस बहुधा दोन्हीत कच्चा राहतो. शिवाय कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत लाकूड आणि कोळशाबरोबर पेलेटही नियमाने चालतात. धूर कमी पडतो, ही तक्रार जास्त वजनदार आहे. ज्वलन स्वच्छ होते म्हणूनच तो कमी असतो. त्यावर उपाय असा, की फ्रिजमधून काढलेले मांस सरळ जाळीवर ठेवावे, कारण थंड, ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो. पहिला अर्धा तास आच मंद ठेवावी, मग वाढवावी. दाट पांढऱ्या धुराची मात्र हाव धरू नये, त्याने मांस कडवट होते. एवढे करूनही मर्यादा उरते. भरताचे वांगे थेट जाळावर करपते तेव्हाची चव तिथल्या मराठी घरांना या ग्रिलवर सहसा मिळणार नाही, कारण आगीवर पत्र्याचे आडोसे असतात.

निगा फारशी नाही, पण हयगय महागात पडते. ओल लागलेल्या कांड्या फुगून पुन्हा भुसा होतात आणि दांडा अडकतो. आग मध्येच विझली, तर कांड्या जळतात त्या कुंडीत साचलेले जळण काढल्याशिवाय पुन्हा पेटवू नये, एकदम भडका उडतो. घर तापवायच्या शेगडीसाठी विकले जाणारे पेलेट रांधायला वापरू नयेत आणि हा ग्रिल बंद जागेत कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

कोंबडीवर हात बसला, की डुकराच्या खांद्याचे मांस घ्यावे. त्यात चरबी भरपूर असल्याने तासभर इकडेतिकडे झाले तरी ते कोरडे पडत नाही आणि तापमान अडकण्याचा टप्पाही त्यात अनुभवायला मिळतो. ब्रिस्केटची पाळी त्यानंतरची.