नकाशातली मोकळी जागा

आमच्या आर्वीत शेजारच्या घराचा नकाशा पास झाला तेव्हा माझ्या भिंतीलगत मोकळी जागा दाखवलेली होती. घर उभं राहिलं अन् जागा गायब! त्यांच्या छताचं पाणी माझ्या मातीच्या भिंतीत मुरलं. कचेरीत म्हणाले, "भाऊ, आपसात मिटवून घ्या ना!" काय मिटवायचं? नकाशा हा शेजाऱ्यालाही दिलेला शब्द असतो. हे आर्वीपुरतंच नाही. वरळीच्या कॅम्पा कोलात बिल्डरांनी मंजुरी नसलेले मजले चढवले. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पाडायला सांगितलं, तेव्हा आत संसार थाटलेले होते. दंड घेऊन असलं बांधकाम नियमित करणं म्हणजे चोरीची पावती फाडणं. साहेब, पायाची आखणी होते तेव्हाच टेप घेऊन या.