आधी निकष ठरवा, मग निविदा उघडा

गावाला शुद्ध पाणी द्यायचे ठरले की बैठकीतला पहिला प्रश्न बहुधा ‘खर्च किती?’ हाच असतो. मग आरओ, क्लोरीन की सौरपंप, यावर वाद रंगतो. या पर्यायांची तुलना कशाच्या आधारे करायची, हे मात्र आधी लिहून ठेवले जात नाही. पुढच्या दुखण्याचे मूळ तिथेच असते.

आपल्या ओळखीच्या हापशाचेच पाहा. १९६०च्या दशकातील दुष्काळानंतर गावोगावी विंधन विहिरी झाल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या पंपांवर बेतलेले होते. ते एका कुटुंबापुरते होते. आपल्याकडे अख्खे गाव त्यावर पाणी भरू लागले. पंप भराभर मोडले. चूक कारागिरीपेक्षा उद्दिष्टाची होती. पुढे जालना आणि सोलापूर इथे मजबूत पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपावरून, युनिसेफच्या सहभागाने, १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ आकाराला आला. दिवसभराची वर्दळ सोसणारा, साध्या कारखान्यात बनणारा आणि परवडणारा पंप हवा, हे तेव्हा आधी ठरले होते.

तरीही एक गोष्ट उरली. आतला वायसर झिजला की मार्क २ची सगळी पाइपलाइन वर ओढावी लागते. त्यासाठी अवजारे आणि प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणून मार्क ३मध्ये पाइप रुंद केला आणि दट्ट्या त्यातूनच बाहेर काढता येऊ लागला. पण रुंद पाइप जड आणि महाग. मग चांगला कोणता? मेकॅनिक जवळ असेल तर मार्क २ चालेल. तो आठवडाभर येणार नसेल तर मार्क ३चे जादा पैसे वसूल होतात.

माझे म्हणणे एवढेच, की निविदा उघडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर याव्यात. पहिली, ज्यात तडजोड नाही अशा मर्यादा : भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू आढळता कामा नयेत. ही अट न पाळणारा पर्याय कितीही स्वस्त असला तरी बाद. दुसरी, उद्दिष्टे : दुरुस्ती, वीजबिल, टिकाऊपणा, रांगेतला वेळ. तिसरी, त्यांचा प्राधान्यक्रम. आणि तो पाणी भरणाऱ्या बायकांना विचारून ठरावा.

यात वेळ जाईल, असे अधिकारी म्हणतील. जाईल, एखादी ग्रामसभा जास्त घ्यावी लागेल. पण यंत्र आठ दिवस बंद पडले की घागरी पुन्हा उघड्या विहिरीवर जातात, आणि लेकरांना जुलाब व्हायला तेवढे दिवस पुरेसे असतात. म्हणून ‘किंमत किती’ याच्या आधी ‘बंद पडले तर किती दिवसांत सुरू होईल’ हे विचारा.